वेलाच्या वायनरीतली आग

फ्रान्सिस तुस्कानो बायकोला, जर्ट्रूडला, मारताना चेहरा तेवढा टाळायचा. ऑफिसात सज्जन म्हणून नाव होतं ना त्याचं! वसईहून सिडनीला आल्यापासून जर्ट्रूडची बरगडी मोडून झाली होती, आणि नऊ वर्षांची लेक डेझी बापाच्या गाडीचा आवाज आला की कपाटात शिरायची.

शहात्तर साली जर्ट्रूड सिडनीच्या टूनगॅबी उपनगरापलीकडे, वाइन बनवणाऱ्या एका छोट्या वायनरीत कामाला लागली. मालक वेला, माल्टाचा म्हातारा. त्याने तिला व्हाइट पोर्ट ही गोड, कडक वाइन करायला शिकवलं. पांढऱ्या द्राक्षांचा रस आंबून फसफसू लागला, की गोडी सरायच्या आत त्यात कडक स्पिरिट ओतायचं. आंबणं तिथेच थांबतं, गोडवा राहतो. मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरू द्यायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रस नेमका स्पिरिट ओतण्याजोगा झाला आणि जर्ट्रूड शिफ्ट संपल्यावरही थांबली. ती स्पिरिटची बादली घेऊन टाकीकडे निघाली होती, तोच फ्रान्सिस आत घुसला.

"घरी यायचं कळत नाही तुला?"

त्याने तिचे केस धरून डोकं टाकीवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं, बादली कलंडली, त्याची पँट भिजली. ती खाली कोसळल्यावर त्याने निवांतपणे ओठांत सिगारेट धरली आणि लायटर काढला.

"फ्रान्सिस, पेटवू नकोस! स्पिरिट सांडलंय!"

"मला शिकवतेस?"

भक्कन जाळ झाला. फ्रान्सिस कंबरेपर्यंत पेटला आणि किंचाळत गडबडा लोळू लागला. दार जर्ट्रूडच्या मागेच होतं. जळू दे मेल्याला, असं तिला वाटलंही. पण हात थांबले नाहीत. तिने ओली गोणपाटं ओढून त्याच्यावर टाकली, तळव्यांनी दाबदाबून आग विझवली. वेला होजपाइप घेऊन धावत आला, तेव्हा तिच्या बोटांची कातडी सोलून लोंबत होती.

हॉस्पिटलात फ्रान्सिसने पोलिसांना सांगितलं, "बायकोनेच पेटवलं मला."

पोलिसाने जर्ट्रूडकडे पाहिलं. ती बोलायच्या आतच वेलाने घरून आणलेली डेझी पुढे झाली. "नो. डॅड हिट्स हर. ऑल द टाइम."

मग जर्ट्रूडनेही बरगडीपासून सगळं सांगून टाकलं. आग तीच हातांनी विझवत होती, अशी वेलाने कोर्टात साक्ष दिली. फ्रान्सिस तुरुंगात गेला. चर्चमधल्या बायका समजवायला आल्या, "नवरा आहे गं, सांभाळून घे."

"जीव वाचवला त्याचा," ती म्हणाली. "घरात मात्र घेणार नाही."

सुटल्यावर तो एकदा घराच्या फाटकाशी येऊन शिव्या देत राहिला, बाटली भिरकावली. काच तिच्या खांद्यात घुसली. तिने पोलीस बोलावले. तो पुन्हा आत गेला, नंतर क्वीन्सलंडला गेला म्हणे.

वेला थकल्यावर वायनरी तीच बघू लागली. बोटं पुरती मिटत नसत, म्हणून दोन्ही तळव्यांत बाटली धरून ती पाहुण्यांना गार व्हाइट पोर्ट छोट्या ग्लासांत ओतायची, सोबत खारे बदाम. हातांना काय झालं, असं कुणी विचारलं, तर ती लपवाछपवी न करता सांगायची.