पेडणेकरांच्या सात वॅगन

शिवडीच्या मालधक्क्यावर गंगाधर पेडणेकरांनी चौतीस वर्षं वॅगन तपासल्या. उभ्या मालगाडीच्या कडेने चालत जायचं, चाकावर हातोडीचा टोला मारायचा आणि आवाजावरून तडा ओळखायचा. दोन वॅगन जोडणारं कपलिंग ढिलं दिसलं की ते गाडी सोडायचेच नाहीत, मग साहेब कितीही तणतणो. अशा माणसाला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी नखाएवढ्या हुकाने रडकुंडीला आणलं.

झालं असं. गिरगावात कुणीतरी घर रिकामं करत होतं. मोबाइलवर जाहिरात आली: परदेशी बनावटीची छोटी मालगाडी, इंजिन, रूळ, सात वॅगन, जुनी पण चालू. पेडणेकर स्वतः जाऊन ती बुटांच्या खोक्यातून घेऊन आले. डिलाईल रोडच्या खोलीत पलंगाच्या पायांभोवती रूळ मांडले. इंजिन गुरगुरत निघालं आणि वॅगन राहिल्या जागच्या जागी. तिघींचे हुक मोडलेले, एकीला चाकांची जोडीच नाही.

विकणाऱ्याला फोन लावला.

"काका, इंजिन चालतंय ना? मग चालूच की!"

"अरे, इंजिन एकटंच फिरवू? मालगाडी म्हणाला होतास ना तू?"

पलीकडून फोन बंद.

लोअर परळच्या मॉलमध्ये खेळण्यांचं मोठं दुकान होतं. पेडणेकरांनी वॅगन काउंटरवर ठेवली. तिथल्या मुलीने ती उलटी करून पाहिली. "पार्ट नाही मिळत काका, फुल सेट येतो."

"सेट आहे माझ्याकडे. हुक नाही."

"हो ना, मग नवीन सेट घ्या."

पेडणेकरांनी वॅगन रुमालात गुंडाळली आणि तडक घर गाठलं.

मग त्यांनी चाकं आणि हुक नेटवरून मागवले. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. चाकांचा आस अर्ध्या मिलिमीटरने जास्त लांब निघाला. चाकं बसली, पण फिरेनात. हुकांची तर कंपनीच वेगळी. नवा हुक जुन्या हुकात अडकायलाच तयार नाही.

"आमच्याकडे पंजाबची वॅगन मद्रासच्या वॅगनला जोडली जायची," ते खोलीभर फिरत ओरडले. "हजारो वॅगन, एक माप! आणि ह्या दीडशहाण्यांना सात डब्यांत एक हुक ठरवता येईना?"

"तुमच्या त्या डब्यांपायी जेवणाक जागा नाय," त्यांची बायको अंबिकाबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरंच होतं. महिनाभर त्या रूळ ओलांडत ताटं मांडत होत्या. त्यात त्यांच्या खालच्या दातांची कवळी तयार व्हायची होती, त्यामुळे रोज मऊ भात, आणि स्वभाव तेवढा मऊ नाही.

कवळीचं माप बघायला परळच्या दंतप्रयोगशाळेत जायचं होतं. पेडणेकर बरोबर गेले. कवळ्या बनवणारी मनवा तिशीची होती, हाताने चपळ. बाईंच्या हिरड्यांचा साचा टेबलावर होता आणि शेजारी बोटाएवढ्या यंत्रावर ती एक दात घासत होती. पेडणेकर खुर्चीतून उठून जवळ गेले.

"ह्याने लोखंड घासलं जाईल?"

"कसलं लोखंड?"

खिशातून रुमाल निघाला. अंबिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "इथेही आणलात?"

मनवाने चाकांची जोडी भिंगाखाली धरली. आसाची दोन्ही टोकं सारखी घासून तिने ती वॅगनमध्ये बसवली आणि फुंकर मारली. चाकं गरगरली. पेडणेकरांनी लगेच दुसऱ्या खिशातून शाबूत हुक काढला.

"असे तीन हवेत."

हुकाचा साचा घेणं तिला जड नव्हतं. कवळीच्याच मसाल्यातून ओतलेले पहिले तीन हुक मात्र अडकवतानाच तुटले. पेडणेकर दुसऱ्या दिवशी तुकडे घेऊन हजर.

"मऊ पडतात."

"मऊ नाही काका, ठिसूळ. माणसं ह्याने भाकरी चावतात, वॅगन ओढत नाहीत."

"मग आत तार घाला. ओढ तारेवर पडेल."

मनवा थबकली. कवळीच्या आकड्याची बारीक तार तिने कापली, वाकवली आणि पुढच्या तिन्ही हुकांत घातली. हे हुक टिकले. पण रंगाने ते थेट हिरड्यांसारखे गुलाबी होते.

"काळा नाही का येत?"

"काळ्या हिरड्या कोण मागतो काका?"

रविवारी दुपारी सातही वॅगन इंजिनामागे लागल्या. गाडी पलंगाखाली शिरली, पलीकडून बाहेर आली, एकही हुक सुटला नाही. अंबिकाबाई नव्या कवळीने कोलंबी चावत होत्या. त्यांनीही मान वळवून पाहिलं. पेडणेकर जमिनीवर आडवे झाले होते, गाल रुळाशेजारी टेकवून. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी आठ्या नव्हत्या.

तिसऱ्या फेरीला त्यांनी एकदम हात आडवा घातला. गाडी थांबली.

"आता काय झालं?"

"पाचवीचं मागचं चाक खटखट करतंय."

"चालतेय ना? चालू दे की!"

"अशी कशी चालू दे?" पेडणेकर उखडले. पाचवी वॅगन त्यांनी सोडवली, उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आस सरळ होता, पण जुनं चाक एका बाजूने झिजलेलं होतं. "माझो चिमटो खय ठेवलंस गो?"

अंबिकाबाईंनी कोलंबी संपवली, हात धुतला आणि फडताळावरचा चिमटा आणून त्यांच्यापुढे आपटला.