दह्याशेजारची अँटिबॉडी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई मी सहावीत असल्यापासून म्हणत आली. चारचौघांत म्हणताना तिचा सूर कौतुकाचा असे, घरात मात्र शुद्ध तक्रारीचा. "बस ना एका जागी," हे वाक्य मी तिच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. तिचं चुकत नव्हतं. रांगेत मला उभं राहवत नाही, गोष्टीचा शेवट मी आधी वाचते, आणि दूध तापत ठेवून दुसऱ्या खोलीत जायची माझी सवय आजही गेलेली नाही. अशा मुलीला पहिली नोकरी कुठली मिळावी? जिथं सगळं काम म्हणजे वाट पाहणं, अशा प्रयोगशाळेत.

नव्वदीनंतरची पहिलीच वर्षं. कुठलंही सरकारी काम असलं की दूरच्या राजधानीकडे, भोपाळकडे, तोंड करून बसायचे दिवस. बाबा दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटमध्ये अधिकारी होते आणि आम्ही प्लांटच्या वसाहतीत, एका सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नागपूरहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी परत आले होते. दुर्गला एक वयस्कर डॉक्टर होते, तीन पिढ्या दुर्गातच मुरलेलं मराठी घर. त्यांनी आपल्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत प्रयोगशाळा थाटली होती आणि हिवतापावरच्या एका लहानशा संशोधनासाठी त्यांना मदत मंजूर झाली होती. मी त्यांची एकुलती एक सहायक. त्यांना मी सर म्हणायची, ते मला बेटा म्हणायचे, आणि त्यांचं एकही वाक्य ज्या भाषेत सुरू होई त्या भाषेत संपत नसे.

काम सांगते, सोपं आहे. हिवतापाशी लढताना आपल्याच रक्तातल्या पेशी एक पदार्थ सोडतात. थोडा असला तर तो राखण करतो, फार झाला तर राखणदारच घर पेटवतो आणि रोगी बेशुद्ध पडतो. सरांना दाखवायचं होतं की आपल्या भागातल्या गंभीर रोग्यांच्या रक्तात हाच पदार्थ धुमाकूळ घालतो. त्यासाठी हवी होती एक अँटिबॉडी, उंदराच्या पेशींकडून तयार करून घेतलेली, जी फक्त त्या एकाच पदार्थाला जाऊन चिकटते. चिकटली की पदार्थ रक्तात आहे हे कळतं, आणि पुरेशी चिकटली तर त्याचं काम बंद पडतं. म्हणजे चोर ओळखायचाही आणि बांधूनही टाकायचा.

चाचणी अशी. पुण्याहून आणलेल्या पेशी प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत वाढवायच्या. त्यांच्यावर रोग्याच्या रक्तातलं सीरम घातलं की पेशी मरतात. तेच सीरम अँटिबॉडी मिसळून घातलं आणि पेशी जगल्या, तर मारणारा तोच पदार्थ. शेवटी जांभळा रंग टाकायचा. जगलेल्या पेशी खळग्याच्या तळाला जांभळ्या दिसतात, मेलेल्या धुऊन निघून जातात.

त्या वर्षी माझा सगळा जीव या जांभळ्या रंगात अडकला होता. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ची जागा होती. सर म्हणाले होते, "ये रिझल्ट आण, महिनाअखेरीच्या आत, मी पत्र लिहून देतो." त्यांच्या पत्राला तिथं वजन होतं. आणि घरी? बाबा मार्चमध्ये रिटायर होणार होते, क्वार्टर सोडून सगळ्यांना अमरावतीला जायचं होतं, आणि त्याआधी माझं लग्न उरकायचं असं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. नागपूरचा एक इंजिनियर मुलगा रविवारी पाहायला येणार होता.

अँटिबॉडी दिल्लीहून विमानानं रायपूरला आली. ती आणायला मीच गेले. परतताना कुम्हारीला ट्रक आडवा झालेला. बस तीन तास जागची हलली नाही. मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, त्यांच्यामध्ये अंगठ्याएवढी बाटली. मी चार वेळा उतरले, चार वेळा चढले, कंडक्टरशी भांडले, ट्रकवाल्याशी भांडायला निघाले होते तेवढ्यात एका म्हातारीनं हात धरून खाली बसवलं. दुर्गला पोचले तेव्हा पिशव्यांतल्या बर्फाचं पाणी झालेलं होतं.

प्रयोग केला, आणि फसला. सीरमनं पेशी मेल्या, सीरम आणि अँटिबॉडी घातलेल्या खळग्यांतही मेल्या. जांभळ्याचा ठिपका नाही. सर बराच वेळ ताटली उजेडाकडे धरून उभे होते.

"बर्फ पिघल गया ना, त्याच दिवशी खराब झाली ती," ते म्हणाले. "तुझा काय दोष बेटा. पॅकिंगच रद्दी होतं त्यांचं." आणि त्यांनी कंपनीला कडक शब्दांत पत्र सांगितलं, मी ते टाइप केलं, त्यांनी सही केली, आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं.

निघण्याआधी मी ताटली धुवायला घेतली. तेव्हा कडेची ओळ दिसली. सवयीनं मी एका ओळीत नुसती अँटिबॉडीच घातली होती, सीरम नाहीच. त्या ओळीकडे ना सरांनी पाहिलं होतं ना मी. तिथल्या पेशीसुद्धा मेल्या होत्या.

ताटली मी परत टेबलावर ठेवली. अँटिबॉडी गरमीनं बिघडली असती तर ती निकामी झाली असती. पेशी कशाला मारेल? बिघडलेलं कुलूप लागत नाही, पण ते कुणाचा जीव घेत नाही.

बाटलीबरोबर आलेला कागद मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. अगदी खाली, बारीक अक्षरांत, अँटिबॉडीला बुरशी लागू नये म्हणून घातलेल्या औषधाचं नाव होतं: सोडियम अझाइड. विष. नुसतं रक्तात पदार्थ आहे का एवढं पाहायचं असेल तर त्याचा काही त्रास नाही. पण जिवंत पेशींवर घालायची असेल तर अझाइड नसलेली अँटिबॉडी मागवावी लागते. मी कॅटलॉग काढला. तीच अँटिबॉडी, तेच नाव, एका पानाच्या तळाशी अझाइडवाली, पान उलटलं की पहिल्याच ओळीत बिनअझाइडची. ऑर्डर मी भरली होती. त्या दिवशीच्या टपालात ती जावी म्हणून घाईघाईनं पहिला नंबर उतरवला होता. पान उलटलं नव्हतं. मी, जिला गोष्टीचा शेवट आधी वाचायची खोड, तिनं नेमकं तेवढंच पान उलटलं नव्हतं!

पोस्टाच्या लाल पेटीसमोर मी मोपेड उभी केली. पत्र हातात. टाकलं तर सगळं निभावत होतं. सरांनी मला आधीच माफ केलेलं, दोष बर्फाचा, कुम्हारीच्या ट्रकचा, दिल्लीतल्या कुणा अनोळखी पॅकिंगवाल्याचा. सर पुण्याचं पत्रही कदाचित दयेपोटी देतील. आणि सांगितलं तर? घाईत विष मागवणाऱ्या मुलीची शिफारस कोण करेल? आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी इतका वेळ उभी राहिले. मागच्या माणसानं विचारलं, "दीदी, डालना है कि नहीं?"

मी परत फिरले.

सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ऑर्डरची कार्बन कॉपी मागितली. खाली त्यांचीच सही होती, न वाचता केलेली. तिच्याकडे पाहून त्यांचा पारा जो चढला तो माझ्यावर की स्वतःवर हे मला आजही ठरवता येत नाही.

"सुबह से मी त्या पॅकिंगवाल्याला शिव्या देऊन राहिलो!" ते ओरडले. पत्राचे त्यांनी चार तुकडे केले. तुकडे टोपलीत टाकले. मग विचारलं, "सीरम किती उरलं?"

"एकदा पुरेल एवढं."

ते सीरम जामुलच्या सिमेंट कारखान्यातल्या एका कामगाराचं होतं. तो बरा होऊन घरी गेला होता. देवाची कृपा, पण आता त्याच्या रक्तात तो पदार्थ सापडणार नव्हता.

"आणि अँटिबॉडी?"

"निम्मी बाटली. सर, अझाइड धुऊन काढता येईल. पातळ पिशवीत भरून थंड पाण्यात ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं. अझाइड पिशवीच्या भोकांतून निघून जाईल, अँटिबॉडी मोठी आहे, ती आत राहील."

"पता है मुझे," ते चिडून म्हणाले. "दोन दिवस लागतील, आणि इथं लाईटचा भरोसा नाही."

आमच्या सेक्टरमध्ये मात्र करंट क्वचितच जायचा. मी म्हटलं, घरी नेते. पुण्याच्या पत्राचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनीही ते काढलं नाही.

शनिवारी सकाळी आमच्या फ्रिजमध्ये मोठं काचेचं भांडं आलं, मिठाच्या पाण्यानं भरलेलं, आणि त्यात दोन्ही टोकांना गाठ मारलेली, बोटाएवढी पारदर्शक पिशवी तरंगत होती. आईनं दार उघडलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"हे काय ठेवून राहिली तू दह्याजवळ?"

"अँटिबॉडी."

"कशाची?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "उंदराची," म्हणाले.

पुढची पाच मिनिटं मी इथं लिहीत नाही. दही वरच्या कप्प्यात गेलं, नैवेद्याचं दूध शेजारणीकडे. मग माझा आवाज चढला. सांगितलं की चांगल्या औषधात विष राहून गेलंय, माझ्याच चुकीनं, आणि पाणी बदलत राहिलं की ते निघून जाईल, आणि एकही वेळ चुकली तर सगळं पाण्यात. पुण्याचंही बोलून गेले. ती आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाल भिजत घालतो अन् कडू पाणी फेकत राहतो, तसंच ना हे?"

"तसंच."

"मग तितकं चिडाले काय झालं?"

शनिवारी संध्याकाळी पाणी बदललं. रविवारी सकाळी बदललं. तिसऱ्यांदा बदलायचं ते रविवारी पाच वाजता, आणि नागपूरची मंडळी बरोबर साडेचारला येऊन बसली. मुलगा, त्याची आई आणि एक काका. पोहे झाले, चहा झाला. काकांनी प्लांटमधल्या बढत्यांचा विषय काढला तो संपेना. माझी नजर घड्याळावर. साडी नेसून सोफ्याच्या कडेला बसलेली मी एकदा पदर नीट करत होते, एकदा बशी सरकवत होते. पाचला पाच कमी. मुलाच्या आईनं विचारलं, "शिवणकाम येते का?" मी म्हटलं, "हो," आणि काय विचारलं ते मला कळलंच नव्हतं. पाच वाजले. आता उठले तर बाबांची मान खाली, नाही उठले तर माझं सगळं बुडालं. 

"ऊठ," आई म्हणाली. सगळ्यांसमोर, सरळ. "तुया पाण्याची वेळ झाली ना."

मुलाच्या आईनं विचारलं, "कसलं पाणी?"

"तिचं काम आहे," आई म्हणाली. "एक दवाई आहे, तिच्यातलं जहर काढून राहिली ती. टायमावर पाणी बदलाव लागते. तुम्ही पोहे घ्या अजून."

मी स्वयंपाकघरात गेले, जुनं पाणी ओतलं, नवं भरलं, आणि ओट्याला टेकून रडले. त्या बाईनं मला आयुष्यभर बस म्हटलं होतं.

मंगळवारी दुर्गला रंग टाकला. अँटिबॉडी मी गाळून घेतली होती, सीरमचा शेवटचा थेंब वापरला होता. नुसतं सीरम घातलेली ओळ कोरी. नुसत्या अँटिबॉडीची ओळ जांभळी. आणि दोन्ही घातलेली ओळ, तीसुद्धा जांभळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरांनी ताटली उजेडाकडे धरली, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पहिल्या वेळची ताटली पण रिपोर्टमध्ये लिही. क्या गलती हुई, किसकी हुई, सब." मग खिडकीकडे वळून, "आणि पत्र उद्या घेऊन जा."

मोपेड मी कशी चालवली ते देवाला ठाऊक. आई अंगणात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"जगल्या का त्या?"

पेशी म्हणजे काय, हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जगल्या, आई. सगळ्या." आणि तिच्या शेजारी फतकल मारून बसले. सांगितलं की सर पत्र उद्या देणार आहेत.

तिनं मेथीच्या दोन काड्या मोडल्या. "नागपूरवाल्यांचा नकार आला सकाळी. पोरगी एका जागी बसत नाही म्हणे." थोडा वेळ ती भाजीच निवडत राहिली. मग माझ्या मांडीवर टपली मारून म्हणाली, "मग आता तू कावून बसून राहिली इथं? ऊठ. पेटी काढ माळ्यावरची, झटकून ठेव."

मी उठले.