आडी संपेपर्यंत थांब

मुलीचं कॉलेज संपलं आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकदम जागा पुरेनाशी झाली. माणसं पूर्वीचीच, तीन. पण आता ती दिवसभर घरात असायची. भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडायची, नाहीतर मोबाइलवर नोकऱ्या शोधायची. जिथे तिथे एकच प्रश्न, आधी कुठे काम केलंय? तिने सुट्टीत एका कापडाच्या दुकानात दोन महिने बिलं केली होती, तेवढंच.

"काम दिलंच नाही कोणी तर अनुभव कुठून आणू, आई?"

मी चौथी शिकलेली. मी भाजी चिरत राहायचे.

ह्यांचं मत पक्कं होतं. बँकेची परीक्षा द्यायची, क्लास लावायचा, पास होईपर्यंत देत राहायचं. हे तरुणपणी इथल्या आवडी गावातल्या कारखान्यात लागले ते अजून तिथेच आहेत. पण मत तिला सांगायचे नाहीत, मला सांगायचे. बारावीनंतर ती इंजिनिअरिंगला गेली नाही, तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं माझ्यातून जातं. भांडण नाही, अबोलाही म्हणता येणार नाही. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, ती आतल्या पलंगावर, मध्ये पडदा, आणि पडद्यापाशी मी.

"अगं, विचार तिला, अभ्यास झाला का."

"आई, सांग त्यांना, झाला."

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतं. तरी मी सांगते. मी सांगायची थांबले तर घरात कोणीच कोणाशी बोलणार नाही, असं वाटतं.

जुलैत तिला वेलचेरीच्या एका कंपनीतून फोन आला. कॉम्प्युटरवर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, आधी तेच शिकवणार. अनुभव नसला तरी चालेल, सोमवारी या, म्हणाले. तिने स्वयंपाकघरात येऊन मला गरकन फिरवलं. हातातला झारा खाली पडला.

"मला आवडेल की नाही कोण जाणे. पण करून तरी बघते ना! घरात बसून कसं कळणार?"

संध्याकाळी हे आले. ऐकून घेतलं, आणि उठून दाराशेजारचं कॅलेंडर बघायला लागले.

आमच्या लातूरकडे आडी महिना कोणाला ठाऊकही नाही. इथे तमिळ लोक मात्र आडीत, म्हणजे जुलैच्या मध्यापासून महिनाभर, नवीन काही सुरू करत नाहीत. ह्यांना वाटतं, आपण बाहेरून आलेली माणसं, इथल्यांच्या रीती मोडल्या तर नावं ठेवतील. क्वार्टर मिळाली तेव्हाही किल्ली खिशात असून आम्ही आडी संपेपर्यंत ह्यांच्या मित्राच्या घरी बांधलेल्या सामानाशेजारी झोपलो होतो.

"तिला सांग, आडी लागलाय. संपेपर्यंत थांब म्हणावं."

"अहो, आपल्यात कुठे असतो आडी?"

"ज्या गावात राहतो तिथलं पाळावं. सांग तू तिला."

मी पडद्याआड गेले आणि सांगितलं.

"आई, बाबांना सांग, कंपनीला आडी नसतो."

"तिला सांग, कंपनीला दहा पोरी मिळतील. घाई करून पाय अडकवून घेऊ नको म्हणावं."

शेवटी महिनाभर थांबाल का, हे विचारायला तिने कंपनीला फोन लावला. माझ्यासमोरच, इंग्रजीत. मला एक शब्द कळला नाही, पण तिचा आवाज बोलता बोलता लहान होत गेला तो कळला. बघू म्हणाले, असं तिने सांगितलं. आडी संपल्यावर तिने परत फोन केला तेव्हा जागा भरल्या होत्या.

त्याच आठवड्यात वाळत घातलेले कपडे काढताना शेजारची अक्का भेटली. पोरगी कामाला लागली का, असं तिने विचारलं. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. अक्का कपड्यांची बादली खाली ठेवून हसायला लागली.

"अय्यो! नोकरीला कोण आडी बघतं? लग्नाला बघतात, घर बदलायला बघतात. माझा पोरगा आडीतच रुजू झाला! कंपनीने बोलावल्यावर तो काय सांगणार होता, थांबा, आडी आहे? तुम्ही मराठी लोक आमच्याहून जास्त तमिळ झालात की!"

मीही हसले. हसावंच लागलं. जिन्यावर मात्र थोडा वेळ तशीच उभी राहिले, कपडे छातीशी धरून.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. तिला सांगून तिचा जीव जळला असता, आणि ह्यांना सांगायची छाती नव्हती. मुलगी बँकेच्या क्लासला जायला लागली. तिचं जेवण कमी झालं. बाहेर हे खूश, की पोरगी मार्गाला लागली. आत ती छताकडे बघत पडलेली. कुठे जाऊन बसावं तर तिसरी खोली नाही.

गणपती गेले. मैत्रिणीच्या ओळखीने तिला नुंगंबाक्कमच्या एका हिशेबाच्या ऑफिसात बोलावलं. छोटंसं ऑफिस, काम किरकोळ, पण गुरुवारपासून या म्हणाले. तिने ते ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, माझ्याकडे बघून, पण ह्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ह्यांनी भात मागून घेतला.

गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली होती. हे चपला घालता घालता म्हणाले, "पितृपक्ष चालू आहे. आता हा तर आपलाच आहे ना? तिला सांग, अमावास्या होऊन जाऊ दे. मग बघू." आणि गाडी गाठायला निघून गेले.

ती केस पुसत बाहेर आली. इस्त्रीचा कुर्ता, कपाळाला लहान टिकली.

"बाबा काही म्हणाले का?"

माझ्या तोंडात शब्द तयार होते. इतकी वर्षं ते आपोआपच बाहेर पडायचे.

"चहा घे, गार होतोय," मी म्हणाले. आणि दहीभाताचा डबा तिच्या पिशवीत ठेवला.

ती गेली. दिवसभर मला कशातच लक्ष लागलं नाही. संध्याकाळी हे आधी आले. रिकामा पलंग बघितला.

"सांगितलं नाहीस?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू भलत्याच घरात शिरलेत. मग टीव्ही लावला. चहा दिला तो तसाच राहिला.

ती आली ती सरळ स्वयंपाकघरात, फरशीवरच बसली. पाय सुजलेले.

"दिवसभर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभं केलं गं. हिशेबाला हातसुद्धा लावू दिला नाही." मग पाय चोळत म्हणाली, "आई, उद्या जाऊ की नको?"

बाहेर टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. हे ऐकत होते. मी आयुष्यात काही निवडलेलं नाही, गाव नाही, घर नाही, नवराही नाही. काम आवडेल की नाही हे किती दिवसांनी कळतं, मला काय माहीत? ते ऑफिस चांगलं की वाईट, तेही माहीत नव्हतं. पण ती माझ्याकडेच बघत होती.

"जा," मी म्हणाले. माझ्या मते मोठ्याने म्हणाले. पण तिला ते ऐकू गेलं नाही, दुसऱ्यांदा विचारावं लागलं.