आलते की

आबांनी उभा जन्म पाटोद्यात टपाल वाटलं. त्यामुळं माझी पीएचडी माझ्या बापाला कधी पटलीच नाही. मी सांगायची, "आबा, उद्याच्या इंटरनेटमध्ये पत्ता लागणार नाही. हव्या त्या गोष्टीचं नुसतं नाव घ्यायचं, वाटेत ज्याच्याकडं तिची प्रत असेल तो देईल." ते हसायचे. "बिनपत्त्याचं पाकीट? तसलं आमी परत धाडायचो, पोरी."

मी तुलना करत होते ती एवढ्याचीच, की ही मागणी पुढं सोडायची कशी. सगळ्या वाटांनी एकदम सोडली तर जाळं तुंबतं. मागं जिथून उत्तर आलं त्याच वाटेनं सोडली तर काम झटपट होतं. माझ्या आलेखांत ही दुसरी रीत दर वेळी जिंकायची, आणि मला त्याचा लई तोरा होता.

निवृत्तीनंतर आबा बीडला आमच्याकडं आले आणि विसरायला लागले. दोनदा घरातून निघून गेले, दोन्ही वेळा पाटोद्याच्या स्टँडवर, ओळखीच्या चहावाल्याकडं सापडले. तिसऱ्यांदा गेले ते भर उन्हाळ्यात, सकाळी. भाऊ म्हणाला, "सगळ्या ग्रुपवर फोटो टाकतो." मी खेकसले, "गावभर बोभाटा करतोस का बापाचा? थांब जरा." आणि चहावाल्याला फोन लावला. आबा दिसले का हो?

"हाव, आलते की. च्या बी पिले."

हुश्श केलं, भावाला गप्प बसवलं आणि गाडी काढली. स्टँडवर आबा नव्हते. चहावाला गोंधळला. "आज न्हाई ओ ताई. आलते म्हंजी मागल्या टायमाला. तुमी न्यायला आलतात तवा."

आमच्याकडं 'आलते' म्हणजे मगाशी आले होते, काल आले होते, गेल्या साली आले होते, सगळंच. मी याच मातीतली. 'कवा?' एवढं विचारायला माझी जीभ झडली होती का? साठवलेलं उत्तर शिळं असू शकतं, यावर माझ्या प्रबंधात अख्खं प्रकरण आहे. जळो ते प्रकरण!

भावाला म्हटलं, टाक फोटो. दहा मिनिटांत पालीहून फोन आला.

पाली म्हणजे बिंदुसरेच्या धरणाजवळ, पाटोद्याच्या मानानं आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. मी पाटोद्याहून पोचले तेव्हा दुपार कलली होती. बाभळीखाली आबांच्या अंगावर कुणीतरी चादर टाकली होती, तोंडावरून. भाऊ शेजारी मातीत बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तिथल्या एक बाई पुढं आल्या. "सकाळपासनं बसलते इथं. मी पाणी दिलं. लेक न्यायला येणाराय म्हणले. मग उन्हात आडवे झाले ते उठलेच न्हाईत."

"कुणाला कळवायचं तरी," मी ओरडले.

"पत्ता इचारला की ओ. सांगताच येईना त्यास्नी. नुसतं तुमचं नाव घेत होते."