मेनेगोच्या बावीस कात्र्या

मेनेगो सान निकोलोच्या नावाड्यांच्या आळीतला, पण होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी यायची. व्हेनिसमध्ये जन्मून ही तऱ्हा! बापाने वैतागून त्याला नाटकात ढकललं. तिथे तो सैतान झाला आणि सव्वीस वर्षं सैतानच राहिला.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी नरकाचं दार उघडायचं, धूर निघायचा आणि शिंगंवाला मेनेगो उंच उडी घेऊन हवेतल्या हवेत पायांच्या कात्र्या मारायचा. करारात लिहिलेलं होतं, एका उडीत आठ. विशीत तो खरोखर आठ मारी. चाळिशी उलटल्यावर पाचांवर आला, हवा दमट असली की चारांवर. पण मोजणार कोण? नावाडीच! धन्याला सोडायला येत, फुकटात आत शिरत आणि गळा फाडून मोजत. आपल्या आळीतल्या माणसाला आठाच्या खाली आणायची कुणाची छाती? दरसाल उडी बोटभर खाली यायची आणि आकडा एकाने वर जायचा. थिएटरचे मालक झकारिया आकडा कानांनीच घेत. डोळे सज्जातल्या बायकांत गुंतलेले असत, त्याला कोण काय करणार!

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कास्तेल्लोवाल्यांनी आपला बोर्तोलो सैतान म्हणून पुढे आणला. सान निकोलोवाल्यांशी पुलापुलांवर गुद्दागुद्दी करणारी ही मंडळी. बोर्तोलोचं वय वीस, कात्र्या नऊ, आणि त्याही खऱ्या.

झकारिया म्हणाले, "दोन सैतान पोसण्याइतका माझा नरक मोठा नाही. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी दोघंही उड्या मारा. आकडा मोठा त्याची नोकरी."

मेनेगो घरी आला तेव्हा त्याची बायको काते मासे तळत होती.

"संपलं सगळं. नाटक सुटलं तर होडीच वल्हवायची, आणि होडीत मी..."

"ओकता, माहितीय," काते म्हणाली. "अहो, पण चार तर माराल ना? उरलेल्या माझा तोनीन मारेल."

तोनीन तिचा भाऊ. नावाड्यांत सगळ्यांत मोठा घसा त्याचाच.

त्या दिवशी बोर्तोलो आधी उडाला, काय देखणा उडाला! कास्तेल्लोवाल्यांनी सोळा मोजल्या. सान निकोलोवाले "दोन" म्हणाले आणि जांभया द्यायला लागले.

मग मेनेगो धुरातून पुढे आला. गुडघे वाकवले, हात पसरले आणि उजवा गुडघा तिथेच अडकला. वर येईना, खाली जाईना. मेनेगोच्या डोळ्यांपुढे होडी डुलायला लागली.

पण तोनीनने मोजायला सुरुवात केली होती, आणि एकदा सुटलेला नावाडी थांबतो कुठला!

"अकरा! बारा!"

"अरे आंधळ्यांनो, तो उडालाच नाहीये!" कास्तेल्लोवाले बोंबलले.

"इतक्या जलद मारतोय की तुम्हाला दिसत नाहीये! सतरा!"

"पाय जमिनीवर आहेत त्याचे!"

"एवढ्यात परतसुद्धा आला! अठरा!"

बाविसाला तोनीनचा घसा बसला. झकारियांनी सज्जाकडची मान वळवली, मेनेगोला खाली वाकलेला पाहिलं आणि टाळी वाजवली. "वा! उतरला पण किती अलगद!"

दुसऱ्या दिवशी नवा करार आला: एका उडीत बावीस. मेनेगोने तो दोनदा वाचला. माणूस सरळ, खोटं लिहून देणं त्याला जमेना. काठी टेकत तो झकारियांकडे गेला.

"मालक, गुडघा बरा नाही. बावीस नाही व्हायच्या. वीस लिहा."