जुलैमधलं हिरवं पान

सुहासिनी मावशींना मोकळी जागा दिसली की आधी ती झाडावीशी वाटते. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि अमेरिकेत, अल्फारेटाला मुलाकडे राहायला आल्या. इथे घरात झाडायला काही उरेना, तेव्हा त्यांनी मागच्या जंगलाकडे मोर्चा वळवला. जंगल झाडणारी बाई अख्ख्या जॉर्जियात ही एकच असावी.

त्या जंगलात, ओढ्याच्या कडेला, शेजारच्या केयाला जानेवारीत एक पान सापडलं. केया इथेच जन्मलेली, झाडाझुडपांसाठी वेडी झालेली पोर. पान जमिनीला टेकलेलं, वरून साधंच हिरवं. तिने ते हलकेच उलटं करून दाखवलं, तर खालून वांग्यासारखं जांभळं!

"मावशी, हे इथलंच जंगली ऑर्किड आहे. क्रेनफ्लाय. आय ॲम ऑलमोस्ट शुअर. जुलैमध्ये फूल आलं की कन्फर्म होईल."

कॉलनीच्या कमिटीला नेमकी तिथूनच पायवाट काढायची होती. ऑर्किडचं नाव सांगून केयाने काम जुलैपर्यंत थांबवून धरलं, आणि एप्रिलमध्ये नोकरीसाठी दूर बेलव्ह्यूला गेली. जाताना पान मावशींच्या हवाली केलं. दर रविवारी फोटो पाठवायचा, बाकी काही करायचं नाही.

बाकी काही न करणं मावशींना कुठलं जमायला! त्यांनी भोवतालचा पाचोळा काढून जागा लख्ख केली आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. मे महिन्यात पान पिवळं पडलं, आणि एका सकाळी पाहतात तर नाहीच. पोरीने विश्वासाने सोपवलेलं रोप आपण मारलं, हे त्यांना मुलालासुद्धा सांगवेना. रविवारी केयाचा मेसेज आला, "फोटो?" मावशींनी मार्चमध्ये सहज काढून ठेवलेल्यांतला एक पाठवून दिला. पोरांच्या पोटदुखीच्या खोट्या चिठ्ठ्या एका नजरेत पकडणारी ही बाई, आठ रविवार बेधडक थापा मारत राहिली. ओढ्याकडे मात्र पुन्हा फिरकली नाही.

जुलैच्या मध्यावर केयाचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"मावशी, मी चुकले. हे क्रेनफ्लाय नाहीये. त्याचं पान समरच्या आधी मरतं आणि मगच फूल येतं. मी वाट बघत बसले, पण तुझ्या फोटोत ते अजून ग्रीन आहे. गुरुवारी कमिटीला सांगून टाकते, पायवाट करा म्हणून. सो एम्बॅरसिंग, यार."

गप्प राहिलं तर अब्रू झाकली जाणार होती, पण पोरगी खरी असून खोटी ठरणार होती.

"केया," त्या कशाबशा म्हणाल्या, "पान मेमध्येच गेलं गं. फोटो सगळे जुने आहेत. मला वाटलं, माझ्या हातून मेलं. तुला सांगायची हिंमतच झाली नाही."



"मेमध्ये?" केया किंचाळली. "मावशी, दॅट्स परफेक्ट! ते मेलं नाही, ते असंच करतं! तू मला सांगायचंस ना! जा, आत्ता जाऊन बघ. पान नको शोधू, काडी शोध."

मावशी चपला अडकवून तशाच निघाल्या. ओढ्याकाठी गुडघे टेकून शोधू लागल्या. पाचोळा नव्याने साठला होता आणि त्यातून एक तपकिरी काडी सरळ वर आली होती. एरवी कचरा म्हणून त्यांनी ती खुशाल उपटली असती. काडीला बारीक कळ्या लगडल्या होत्या आणि खालची दोन फुलं उमललेली, वाकडीतिकडी, डासाच्या पायांसारखी नाजूक. इतकं कुरूप फूल त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि इतकं आवडलंही नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथेच मातीत बसून त्या हसत हसत रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी फोटो काढला, केयाला पाठवला आणि खाली लिहिलं, "हा आजचा आहे."