शोभाकाकू हसल्या आणि गाव घाबरलं

चहाचा कप नीट धरलाय ना? धराच. कारण माझी ही फजिती ऐकताना आमच्या नणंदबाईंनी अख्खा कप सोफ्यावर सांडला होता, आणि तो डाग अजून माझ्याच नावावर आहे.

तर माझा वाढदिवस एकतीस डिसेंबरचा. म्हणजे बघा, सगळं जग नाचतं, पण माझ्यासाठी कुणीच नाही! लोक समोरून हसत येतात, 'हॅपी' म्हणतात, मी 'थँक्यू' म्हणायला तोंड उघडते, आणि पुढे येतं 'न्यू इयर'. असा जन्म कुणाला देऊ नये देवानं.

त्यात यंदा पन्नाशी. आमची पल्लवी नाताळच्या सुट्टीत नागपूरहून आली होती. आम्ही दोघी ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. यवतमाळकडची डिसेंबरची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, सकाळी नऊपर्यंत माणूस उन्हाच्या मागे मागे ओट्यावर सरकत असतो.

"आई, पन्नास होतात तुला. नव्या वर्षात काय करायचं ठरवलंस?"

"काय ठरवाचं असते त्यात? पुढच्या वर्षी एक्कावन्न होईन."

"तसं नाही वं. स्वतःसाठी काही ठरव. रोज सकाळी फिरायला जा, बीपी आहे तुझं. लोकांशी हसून बोल. आणि ते रागावणं जरा..."

"मी? मी रागावते?"

आतून आमच्या ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. बरोबर त्याच वेळी खोकला कसा येतो या माणसाला, हे मला लग्न झाल्यापासून उलगडलेलं नाही.

आता तुम्हाला म्हणून सांगते, मी रागीट मुळीच नाही. मी स्पष्ट बोलते. ते पार चौकापर्यंत ऐकू जातं, यात माझा काय दोष? पण पोरगी एवढ्या प्रेमानं सांगतेय म्हटल्यावर मी ठरवलं. रोज पहाटे गावात फेरी मारायची. भेटेल त्याच्याकडे बघून हसायचं, ख्यालीखुशाली विचारायची. आणि काहीही झालं तरी आवाज चढवायचा नाही. एक तारखेची वाट कशाला बघायची? दुसऱ्याच दिवशी मी सुरू केलं!

इथे मंदाबद्दल सांगायलाच हवं. मंदा माझी समोरची. आमची दारं एकमेकींकडे तोंड करून आहेत आणि भाजीच्या वाट्या दिवसभर रस्ता ओलांडत असतात. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि मंदानं उभं राहायचं मनावर घेतलं. भित्री बाई हो! साध्या भिशीत बोलायचं तर पदराशी चाळा करते. पण तिच्या मनात होतं. मला म्हणाली होती, "शोभे, तू माया पाठीशी आहेस म्हनून हिंमत करून राह्यली. नाई तं मी कायले या भानगडीत पडली असती?" अर्ज भरायची शेवटची तारीख होती दोन जानेवारी. मी तिला सांगितलं होतं, मी आहे ना, डोळे मिटून भर.

हे सगळं डोक्यात होतं बरं का. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

पहिल्या दिवशी मी बाहेर पडले. ह्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी शाल. थंडी अशी की हात जोडून चोळल्याशिवाय चालताच येईना. त्यामुळे मी अख्ख्या वॉर्डातून हात जोडून, हसत हसत निघालेली. आता सांगा, मला स्वतःला कुठून दिसणार मी कशी दिसतेय ते?

सगळ्यात आधी भेटले बाबाराव. हे ट्रॅक्टरवाले. त्यांची कापसाची ट्रॉली कायम माझ्या फाटकासमोर उभी, आणि त्यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजत आलेलं. मी त्यांच्याकडे बघून गोड हसले. म्हटलं, "काय बाबाराव, बरं हाय न? घरी सगळे ठीक?"

बाबारावांच्या तोंडातला दातणाचा तुकडा खाली पडला. "होऽऽ... ठीक हाय जी," म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

पुढे कमळाआजी. पायरीवर शेकत बसलेली. मी वाकून विचारलं, "आजी, तब्येत कशी हाय? काही तरास?"

आजीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग काठी टेकत उठली, माझा हात धरला आणि थेट घरामागे घेऊन गेली. "आता आलीच हायेस तं हे नाली पाहून घे, माय. पानी तुंबते अन् मच्छर फोडून खातेत."

मी नाली पाहिली. नालीत पाहण्यासारखं काय असतं, मला कळेना. पण हसून बोलायचं ठरलेलं! म्हटलं, "होईन जी आजी, सगळं ठीक होईन. काळजी नका करू."

आजीनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

झालं! दुसऱ्या दिवशी कुणी मला दिवा नसलेला खांब दाखवला. तिसऱ्या दिवशी एका गल्लीतल्या बायांनी कोरडा नळ सोडून दाखवला, आणि वर चहा पाजला. मी सगळ्यांना तेच, "होईन, सगळं ठीक होईन." मनात म्हटलं, किती बाई दुःखी गाव आपलं! आजवर आपण कुणाची विचारपूसच केली नाही, म्हणून लोक मन मोकळं करत असतील. घरी येऊन मी पल्लवीला सांगितलं, "हसून बोलल्यानं केवढा फरक पडते वं!"

तिकडे हे मात्र गोंधळलेले. संध्याकाळी म्हणाले, "काहून व, मी पानठेल्यावर गेलतो तं लोक उठून मले खुर्ची देऊन राह्यले. काय झालं काय?"

"तुमचं वय दिसाले लागलं असन," मी म्हटलं. तेही हसूनच.

एकच गोष्ट खटकत होती. मंदाकडून वाटी येईना. मी मेथीची भाजी दिली, वाटी रिकामी परत आली, तीही तिच्या नवऱ्याच्या हाती. मी खिडकीतून हाक मारली तर तिनं पडदा ओढला. म्हटलं, निवडणुकीचं टेन्शन असेल.

आणि उजाडला वाढदिवस. दरवर्षी एकतीस तारखेला सकाळी मंदा गाजराचा हलवा घेऊन येते. सगळं जग विसरलं तरी ती विसरत नाही. त्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले, मंदा नाही. मला तर रडूच यायला लागलं. पन्नाशीला असं व्हावं?

तेवढ्यात पल्लवी मला ओढत चौकात घेऊन गेली. सरप्राइज म्हणे! बघते तर काय, चौकात माझा फ्लेक्स! हा एवढा मोठा! माझे ज्यात कपाळाला आठ्या नाहीत असे फोटो घरात फारसे नाहीत हो. पोरीनं सत्यनारायणाच्या पूजेतला निवडला होता, हात जोडलेला. खाली ठळक अक्षरांत: 'शोभाताईंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. नवं वर्ष, नवा संकल्प!'

चौकातले लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. बाबाराव पुढे आले आणि कानाशी कुजबुजले, "काकू, मायाकडची मतं पक्की समजा. ट्रॉली मी उद्याच हटवतो."

"कायची मतं?"

"समजलं जी, समजलं. इतक्यात बोलाचं नाई," म्हणत त्यांनी डोळा मारला. मला! बाबारावांनी!

मी तिथेच उभी. नाली, खांब, नळ, खुर्ची... सगळं एकामागोमाग डोक्यात उतरायला लागलं. तशीच धावत मंदाच्या घरात शिरले.

मंदा चुलीपुढे बसलेली, डोळे सुजलेले. मला बघून उठली सुद्धा नाही.

"सांगाचं तं होतं मले, शोभे. मी कायले आडवी आली असती? तू उभी राहून राह्यली तं मी फारमच नाई भरत. पन असं पाठीमागून..."

"अव, मी कोठी उभी राहून राह्यली? मी फिराले जात होती! पल्लवीनं सांगतलं, बीपी हाय, फिर, लोकायसंग हासून बोल!"

"असं? अन् हात कायले जोडत होती?"

"थंडी वाजत होती, माय!"

"अन् कमळाआजीले नालीचा शब्द?"

मंदानं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "इतकी वर्षं झाली, तू कोनाले कारणाशिवाय हासलेली मी पाह्यली नाई. कोन मानन हे?"

मला लागलं ते, खरंच लागलं. पण माझ्या भरवशावर उभी राहायला निघालेली बाई माझ्यामुळेच घरात बसत होती, ते जास्त लागलं. मी पुन्हा चौकात गेले. तोवर बरीच गर्दी जमलेली. मी हात जोडून, शक्य तितकं गोड हसून सांगितलं, "हे पाहा, मी निवडणुकीले उभी नाई राहात. मले पद नको. मंदा उभी राहून राह्यली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! कुणीतरी म्हणालं, "पद नको म्हनते! मुरलेली बाई हाय!" मागून कमळाआजी ओरडली, "भर तू फारम, माय! आमी हावो न!"

आता मी करू काय? नाही म्हणावं तर मतं वाढतायत. हसावं तर त्याहून वाढतायत! चौकातून आमची दोन्ही घरं दिसतात; मंदा दारात येऊन उभी. तिनं मान खाली घातली आणि आत वळली.

तेवढ्यात माझी नजर गेली फाटकाकडे. ती ट्रॉली! माझ्या फाटकाला चिकटून! आणि तिच्या चाकाखाली मी उन्हात घातलेल्या शेंगांचं सूप.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. ऐकणारे सांगतात. "बाबाराऽऽव! हटवता का त्या ट्रॉलीले का मी देऊ ढकलून नालीत? इतके दिवस गप बसली म्हनून डोक्यावर चढता काय? अन् तुमी काय पाहून राह्यले रे सगळे? कामधंदे नाईत? आजी, नाली तुंबणार नाई तं काय होईन, सगळा कचरा तुमीच टाकता न त्याच्यात!"

बाबाराव ट्रॉलीकडे पळाले.

मग कमळाआजीनं सुस्कारा सोडला. "नाई व बाप्पा. हे नाई उभी राहात."

अख्ख्या गर्दीनं माना हलवल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका, जणू घरातलं हरवलेलं जनावर परत आलं! आमचे हे पुढे आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हुश्श! म्या तं यवतमाळले डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती." बघा! मी निवडणूक लढवणार, हे गावाला पटलं होतं. मी आजारी आहे, हे ह्यांना पटलं होतं. मी सुधारतेय, हे मात्र एकालाही सुचलं नाही!

मंदा रस्ता ओलांडून आली ती हसत हसतच. माझ्या गळ्यात पडली आणि इतकी हसली की आम्हा दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं. दोन तारखेला मी तिच्यासोबत बाभुळगावच्या तहसील कार्यालयात गेले आणि तिनं न थरथरता अर्ज भरला.

परत येताना गाडीत ती जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "शोभे, प्रचाराले तू पायजेच मायासंग. पन एक सांगू? राग नको मानू."

"बोल न व."

"हासू नको. तू हासली का लोकायले वाटते, मत तुलेच द्याचं हाय."

अख्खा प्रचार मी कपाळाला आठ्या घालून फिरले. मंदा भरघोस मतांनी निवडून आली.